किरुना कोमून: पहिल्यांदा मत देणार आहे, इथला भूगोल आणि मतदानाचा इतिहास कुणी समजावून देईल का?

मृणाल_किरुना

नमस्कार मंडळी,

आम्ही जानेवारी २०२२ मध्ये स्वीडनला आलो ते थेट किरुनालाच. नवरा खाणीत यंत्रांच्या देखभालीचं काम करतो, मी एका बालवाडीत मदतनीस आहे. नागरिकत्व अजून नाही. पण सलग ३ वर्षं इथल्या लोकसंख्या नोंदणीत नाव असलं की परदेशी माणसालाही कोमून (म्हणजे स्थानिक पालिका) आणि रेजिओनच्या (म्हणजे प्रांताच्या) निवडणुकीत मत देता येतं, हे मला स्वीडिश भाषेच्या वर्गात कळलं. म्हणजे १३ सप्टेंबर २०२६ ला कोमूनची पांढरी चिठ्ठी माझी, रेजिओनची निळीही माझी. रिक्सदागची, म्हणजे देशाच्या संसदेची, पिवळी तेवढी नाही.

मत द्यायचं तर समजून द्यायचं, असं मी मनाशी ठरवलं आहे. म्हणून नकाशा घेऊन बसले आणि गोंधळात पडले. किरुना कोमून जवळजवळ २०,००० चौरस किलोमीटर. माणसं २२,००० च्या थोडी वर. दक्षिणेतला अख्खा स्कोने प्रांत ११,००० चौरस किलोमीटरचा आणि त्यात ३३ कोमून! मग आमच्याकडे नॉर्वेच्या सीमेपासून फिनलंडच्या सीमेपर्यंत एकच कोमून कशी? रिक्सग्रेन्सेनच्या डोंगरात राहणाऱ्याचे आणि कारेसुआंदोच्या नदीकाठी राहणाऱ्याचे प्रश्न एका सभागृहात कसे मावतात?

दुसरं म्हणजे इथली मतं. सगळे म्हणतात किरुना म्हणजे लाल, डावं, सोशल डेमोक्रॅटांचं गाव. पण २०१८ ते २०२२ कोमूनची सूत्रं सेंटर पक्षाच्या माणसाकडे होती असंही वाचलं. हे कसं काय?

आमच्या शेजारी एक निवृत्त खाणकामगार आजोबा राहतात, वय ७८. मी त्यांना विचारलं तेव्हा म्हणाले, "१९७० पासून प्रत्येक निवडणुकीत मत दिलंय. कायम एकाच पक्षाला. एकदाच सोडून." कधी, ते सांगेनात. कॉफीचा कप उचलून आत ठेवायला गेले. तेव्हापासून माझ्या डोक्यात तो 'एकदाच' घोळतो आहे.

जाणकारांनी सविस्तर लिहावं. मला वाचायला वेळ आहे.

---

ध्रुवतारा_६७

मृणालताई, तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. मी २००७ मध्ये इथल्या अंतराळ विभागात शिकायला आलो आणि राहूनच गेलो. दोन निवडणुकांत मतदान केंद्रावर मत स्वीकारायचं आणि मोजायचं काम केलं आहे. जे पाहिलं ते लिहितो.

आधी तुमचा पहिला प्रश्न. कोमून एवढी मोठी कशी? कारण शहर नंतर आलं, प्रदेश आधी होता. युक्कासयार्वी नावाची एक प्रचंड ग्रामीण कोमून इथं होती. तिच्या पोटात १९०० मध्ये किरुना वसलं. शहर वाढलं, आणि १९४८ मध्ये शहराची हद्द वेगळी न काढता त्या अख्ख्या ग्रामीण कोमूनलाच शहराचा दर्जा दिला. डोंगर, दलदली, सरोवरं, रेनडिअरची कुरणं, सगळं कागदोपत्री 'शहर' झालं. जगातलं सर्वात मोठं शहर म्हणून तेव्हा मिरवायचे. मग १९७१ मध्ये उत्तरेकडची कारेसुआंदो कोमूनही यात आली. आजचा नकाशा असा दोन टप्प्यांत तयार झाला.

आता शहर इथंच का वसलं? लोखंडासाठी. पण लोखंड जमिनीत असून भागत नाही, ते बंदरापर्यंत न्यावं लागतं. बॉथ्नियाच्या आखातातलं लुलेओ बंदर हिवाळ्यात गोठायचं. नॉर्वेचं नार्विक गोठत नाही. म्हणून डोंगर फोडून, टोर्नेट्रेस्क सरोवराच्या दक्षिण काठानं रेल्वे नेली आणि १९०२ मध्ये ती नार्विकला पोचली. तुम्ही आबिस्कोला गेलात तर गाडीतून उतरून रुळांकडे जरा उभ्या राहून बघा. या मार्गाला समांतर मोटाररस्ता १९८४ पर्यंत नव्हता. बाजारहाट, डॉक्टर, शाळा, सगळं त्या एका रुळावर अवलंबून. आबिस्को, ब्यॉर्कलिडन, रिक्सग्रेन्सेन ही आजची पर्यटनाची ठिकाणं दोन पिढ्या फक्त रेल्वेनंच गाठता यायची.

आणि इथंच मतांची गोष्ट सुरू होते. रेल्वे आणि खाण बांधायला देशभरातून मजूर आले. त्यांच्यामागे जमीन नव्हती, घराणं नव्हतं. बहुतेकांचा मालक एक आणि बऱ्याच जणांची घरंही त्याच मालकाची. खाणीचे पहिले व्यवस्थापक यालमार लुंडबूम भूगर्भशास्त्रज्ञ होते, चांगलं नेटकं शहर उभारायची त्यांना मनापासून ओढ होती. पण चांगला मालक असला तरी तो मालकच. कामगार संघटना इथं लवकर मुरली. १९१७ मध्ये सोशल डेमोक्रॅट पक्ष फुटून डावा गट बाहेर पडला, आणि पुढं कम्युनिस्टांना नॉर्बॉटनमध्ये, म्हणजे आपल्या या प्रांतात, जी मुळं धरता आली ती देशात फार थोड्या ठिकाणी मिळाली. तेव्हापासून इथली लढत बऱ्याचदा डावे विरुद्ध उजवे अशी नव्हतीच. ती सोशल डेमोक्रॅट विरुद्ध त्यांच्याही डावीकडचे अशी होती. बाहेरून 'सगळं लाल' दिसतं ते त्यामुळे. आतली भांडणं दिसत नाहीत.

त्या लालीची एक जखमही आहे, ती लिहायलाच हवी. १९२० आणि ३०च्या दशकांत इथली माणसं, कुटुंबंच्या कुटुंबं, नवा समाज घडवायला सोव्हिएत करेलियात गेली. त्यांना किरुनास्वेन्स्कार म्हणतात. स्टालिनच्या दमनात त्यातले कितीतरी मारले गेले, छावण्यांत गेले. परत आलेले गप्प राहिले. मी इथं आल्यावर पहिली काही वर्षं हा शब्दही ऐकला नव्हता. एका सहकाऱ्याच्या आजीच्या अंत्यविधीनंतर कॉफी पिताना पहिल्यांदा ऐकला, तोही हळू आवाजात.

आता १९६९. ९ डिसेंबरला स्वाप्पावाराच्या खाणीत काही कामगार खाली बसले. काम बंद. बघता बघता ते किरुना आणि माल्मबेरियेत या खाणगावापर्यंत पसरलं. जवळपास ५,००० माणसं, ५७ दिवस, आणि बाहेर डिसेंबर-जानेवारीचा अंधार. डिसेंबरच्या मध्यापासून वर्ष संपेपर्यंत तर सूर्य उगवतच नाही इथं. हा संप संघटनेनं पुकारलेला नव्हता, उलट संघटनेच्या नेतृत्वाविरुद्धही होता. आणि खाण कोणाची? १९५७ पासून सरकारची. सरकार कोणाचं? सोशल डेमोक्रॅटांचं. म्हणजे कामगारांनी ज्या पक्षाला मत दिलं त्याच पक्षाच्या सरकारी कंपनीसमोर ते बसले होते. तुमच्या शेजारच्या आजोबांचं वय तेव्हा २१-२२ असणार. १९७० ची निवडणूक त्यानंतर काही महिन्यांतच झाली. तो 'एकदाच' तेव्हाचा असावा असा माझा अंदाज.

मला इतक्या वर्षांत उमगलं ते एवढंच: किरुनाची निष्ठा पक्षाशी कमी आणि एका प्रश्नाशी जास्त आहे. आमच्या पायाखालच्या जमिनीचं कोण ठरवणार? स्टॉकहोम, कंपनी, की आम्ही? हा प्रश्न प्रत्येक निवडणुकीत वेगळा कपडा घालून येतो.

पैशाचं उदाहरण घ्या. स्वीडनमध्ये कोमूनला उत्पन्न मिळतं ते मुख्यतः तिथं नोंद असलेल्या माणसांच्या पगारावरच्या करातून. कंपनीच्या नफ्यावरचा कर सरकारी तिजोरीत जातो, आणि ही कंपनी तर सरकारचीच, म्हणून लाभांशही तिकडेच. जो कामगार दोन आठवडे इथं राहून विमानानं घरी जातो, तो कर त्याच्या घरच्या कोमूनमध्ये भरतो. आपले रस्ते, आपलं पाणी, आपली घरं तो वापरतो, पण कर आपल्याकडे येत नाही. २०,००० चौरस किलोमीटरमध्ये शाळेची बस, बर्फ काढणं, वृद्धांची घरी जाऊन सेवा, हे सगळं २२,००० माणसांच्या पगारातून. पांढऱ्या चिठ्ठीचा निम्मा अर्थ इथं आहे.

आणि शहराचं स्थलांतर. खनिजाचा थर शहराच्या खाली साधारण ६० अंशांत तिरका शिरतो. जितकं खोल खणावं तितकी वरची जमीन शहराच्या बाजूनं खचते. २००४ मध्ये कंपनीनं कोमूनला कळवलं की शहराचा मध्य हलवावा लागेल. मी आलो तेव्हा हे सगळं नकाशावरच्या तुटक रेघा होतं. आमच्या पहिल्या घरी रात्री दीडच्या सुमाराला खाली सुरुंग उडाले की कपाटातल्या काचेच्या वाट्या एकमेकींना लागून किणकिणायच्या. बायको झोपेतच हात लांब करून कपाटाचं दार दाबून धरायची. ते घर आता नाही. ज्या रस्त्यावर होतं तो रस्ताही कुंपणाच्या आत गेला. १९६३ चं नगरभवन, ज्याला वास्तुरचनेचा मोठा पुरस्कार मिळाला होता, ते पाडलं. त्याचा घड्याळाचा मनोरा तेवढा नव्या चौकात आणून उभा केला. ऑगस्ट २०२५ मध्ये चर्च हललं ते तुम्ही पाहिलंच असेल, ६७२ टन लाकूड दोन दिवसांत ५ किलोमीटर. मी रस्त्याच्या कडेला होतो. इतकी गर्दी असून आवाज असा नव्हताच, चाकांखाली खडी दबल्याचा तेवढा येत होता.

असं सगळं चालू असताना माणूस पांढरी चिठ्ठी टाकताना रिक्सदागचा विचार करत नाही. 'किरुनापार्तिएत' नावाचा स्थानिक पक्ष इथं उभा राहिला, इथले मूळ रहिवासी असलेल्या सामी लोकांची 'सामेलिस्तान' ही उमेदवारांची यादी सभागृहात आली, ती या मातीतून. २०१८ मध्ये सोशल डेमोक्रॅटांना बाजूला ठेवून इतरांनी मोट बांधली आणि सेंटरचे गुन्नार सेलबेरी कोमूनचे प्रमुख झाले. २०२२ मध्ये सूत्रं पुन्हा सोशल डेमोक्रॅटांच्या मात्स ताव्हेनिकूंकडे आली. त्याच निवडणुकीच्या रविवारी देशात मात्र वारं उलट दिशेला होतं: रिक्सदागमध्ये उजव्या बाजूला १७६ आणि विरोधात १७३ जागा, आणि उल्फ क्रिस्टेरसन पंतप्रधान.

मोजणीच्या टेबलावर हे हाताला जाणवतं. शाळेच्या व्यायामशाळेत लांब टेबलं लावतात. रात्री ८ ला दार बंद होतं, आधी पिवळ्या चिठ्ठ्या मोजतात. आमच्या केंद्रावर पिवळ्यांत एक गठ्ठा ठळक उंच होता. मग पांढऱ्या उघडल्या आणि तीच माणसं, तोच दिवस, पण टेबलावर गठ्ठेच गठ्ठे झाले. कुठलाच फार उंच नाही. माझ्याबरोबर मोजायला बसलेल्या निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, "बघ, पिवळं घरच्यांनी शिकवलेलं, पांढरं स्वतः ठरवलेलं." तेवढं वाक्य माझ्या लक्षात राहिलं आहे.

---

सोप्पेरोची_सून

ध्रुवतारा, छान लिहिलंत. पण एक गोष्ट टोचली म्हणून लिहिते. तुमच्या सगळ्या उत्तरात कोमून म्हणजे शहर आणि खाण. आम्ही कुठं आहोत?

मी ओव्रे सोप्पेरोला राहते, शहरापासून शंभर किलोमीटरच्या वर, कारेसुआंदोच्या वाटेवर. नवऱ्याचं घराणं रेनडिअर पाळणारं. मृणालताई, तुम्ही नकाशावर फक्त रेल्वे बघू नका, नद्या बघा. टोर्ने, लाइनिओ, काइटुम, आणि फिनलंडच्या सीमेवरची कोन्कामा. त्या सगळ्या वायव्येच्या डोंगरातून आग्नेयेला समुद्राकडे वाहतात. रेनडिअरही त्याच दिशेनं चालतात: उन्हाळ्यात डोंगरात, हिवाळ्यात खालच्या जंगलात, तिथल्या दगडफुलासाठी. पण माणसांनी आखलेल्या रेघा त्यांना आडव्या जातात. १८०९ मध्ये फिनलंड रशियाकडे गेलं आणि कारेसुआंदो नदीच्या दोन काठांत दोन देशांत वाटलं गेलं. १८८९ मध्ये ती सीमा कळपांना बंद झाली. १९१९ मध्ये स्वीडन आणि नॉर्वेनं कुरणांचा करार केला आणि त्यानंतर कारेसुआंदो आणि युक्कासयार्वीकडची सामी कुटुंबं शेकडो किलोमीटर दक्षिणेला सक्तीनं हलवली. माझ्या सासूबाई अजूनही दक्षिणेतल्या चुलत नात्यांची नावं घेतात, ज्यांना त्या आयुष्यात दोनदा भेटल्या. शहराचं स्थलांतर म्हटलं की आमच्या घरात कुणी फार बोलत नाही, कारण हलवलं जाणं इथं २००४ ला सुरू झालेलं नाही.

आता मतदान. आमच्या घरात मतपत्रिका तीन नाहीत, चार आहेत. सामी संसदेची निवडणूक वेगळी होते, ४ वर्षांनी, मे महिन्यात, मागची २०२५ मध्ये झाली. १९९३ मध्ये ती संसद इथं किरुनातच सुरू झाली. ३१ सदस्य. त्यासाठी मतदार यादीत नाव वेगळं नोंदवावं लागतं. ती लोकनियुक्त सभा आहे आणि त्याच वेळी सरकारी खातंही आहे, त्यामुळे सरकारला विरोध करायचा तरी खात्याच्या चौकटीत राहून. ही ओढाताण आमच्या जेवणाच्या टेबलावर रोज असते.

जानेवारी २०२३ मध्ये पेर यायर नावाच्या साठ्याची घोषणा झाली. १० लाख टनांहून जास्त दुर्मीळ धातूंची ऑक्साइडं, तेव्हा युरोपातला सर्वात मोठा ज्ञात साठा म्हणून जाहीर केलेला. सगळीकडे आनंद. पण तो साठा गाब्ना या सामी गटाच्या कळपाच्या वाटेवर आहे. जुन्या खाणीनं आणि शहरानं ती वाट आधीच चिंचोळी केली आहे. ती तुटली तर कळप डोंगरातून जंगलात उतरणार कसा? म्हणून सभागृहात सामेलिस्तानचा एक हात वर असणं आमच्यासाठी फार मोठी गोष्ट आहे. डावं-उजवं यात बसत नाही हे. सोशल डेमोक्रॅटही खाणीच्या बाजूनं, उजवेही खाणीच्या बाजूनं.

अजून एक, तुम्हाला उपयोगी पडेल असं. इथं मत टाकायला केंद्रावर गेलंच पाहिजे असं नाही. १८ दिवस आधीपासून आगाऊ मतदान सुरू होतं. दूरच्या वस्तीत, जिथं ग्रामीण टपालवाला घरोघर जातो, तिथं त्याच्याकडेही मत देता येतं. सासरे असंच देतात. स्वयंपाकघरातल्या टेबलावर चिठ्ठ्या पाकिटांत घालायच्या, मग मोठं पाकीट, साक्षीदाराची सही, आणि टपालवाल्याच्या हातात. सासरे पाकीट चिकटवल्यावर त्यावर दोन्ही तळवे ठेवून थोडा वेळ दाबून धरतात. गोंद लागावा म्हणून असेल. मला मात्र दर वेळी वाटतं, ते काहीतरी बोलत असतात मनात.

---

ध्रुवतारा_६७

सोप्पेरोची सून, तुमचं बरोबर आहे. माझी नजर शहराची आहे, ती अपुरी पडली. १९४८ मध्ये ग्रामीण कोमूनला शहर म्हटलं हे मी अभिमानाच्या सुरात लिहिलं, पण तेव्हा गावांना कुणी काय विचारलं असेल हा प्रश्न मला पडलाच नाही. कोमूनच्या चिन्हावर वर लोखंडाची खूण आहे आणि खाली पांढरा गिरोन पक्षी, ज्याच्या सामी नावावरून किरुना हे नाव आलं. दोन्ही एकाच ढालीवर आहेत, पण जागा सारखी मिळालेली नाही.

---

लुलेओकर

निळ्या चिठ्ठीबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून मी. मृणालताई, ती हलकी समजू नका. रेजिओनकडे आरोग्यसेवा असते.

नॉर्बॉटनमध्ये १४ कोमून, देशाच्या क्षेत्रफळाचा जवळजवळ चौथा हिस्सा. एवढ्या पसाऱ्यात प्रसूतिगृह कुठं ठेवायचं, शस्त्रक्रिया कुठं करायची, यावरच निवडणुका लढल्या जातात. किरुनाच्या बाईला बाळंतपणासाठी येलिवारेला जावं लागतं, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. उन्हाळ्यात ठीक, जानेवारीत वारं सुटलं की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. याच मुद्द्यावर इथं आरोग्यसेवेचाच एक पक्ष उभा राहिला आणि २०१८ मध्ये तो इतका वाढला की रेजिओनमधली सोशल डेमोक्रॅटांची ८० वर्षांहून जुनी सत्ता गेली. रिक्सदागला त्याच लोकांनी सोशल डेमोक्रॅटांनाच पहिल्या क्रमांकावर ठेवलं. एकाच खोलीत, एकाच दिवशी.

बाकी पिवळी चिठ्ठी आज ना उद्या तुमच्या हातात येईल तेव्हासाठी: रिक्सदागसाठी सगळं नॉर्बॉटन मिळून एकच मतदारसंघ. किरुनाची मतं लुलेओ, पितेओ, बोडेनच्या मतांत मिसळतात, आणि माणसं किनाऱ्यावर जास्त आहेत. खाणीतल्या माणसांची 'आमचं कुणी ऐकत नाही' ही भावना त्यातूनही येते. १३ नोव्हेंबर १९९४ ला युरोपीय संघात जायचं की नाही यावर जनमत घेतलं तेव्हा देशानं ५२.३ टक्क्यांनी होकार दिला, उत्तरेनं मात्र ठाम नकार दिला होता. आणि स्वीडन डेमोक्रॅट, म्हणजे स्थलांतराला विरोध करणारा उजवा पक्ष, इथंही वाढले आहेत, हे न लिहिणं अप्रामाणिकपणा होईल. माझ्या कारखान्यातच दिसतं.

ध्रुवतारा, आजोबांचं वर्ष १९७० असेल असं मला वाटत नाही. संपानंतर लोक संघटनेवर चिडले होते, पण पक्ष सोडणं म्हणजे घर सोडण्यासारखं होतं.

---

डोंगरवेडा

छोटीशी भर. भूगोल चाललाय तर केब्नेकाइसेला विसरू नका, देशातला सर्वात उंच डोंगर याच कोमूनमध्ये आहे. जुन्या पुस्तकांत दक्षिण शिखर सर्वात उंच म्हणून दिलेलं असतं. त्याचा माथा हिमनदीचा आहे, तो वितळत गेला आणि २०१९ मध्ये खडकाचं उत्तर शिखर त्याच्यावर गेलं. उत्तर शिखर साधारण २,०९७ मीटर. निक्कालुओक्तापर्यंत गाडीरस्ता आहे, पुढं डोंगराखालच्या पर्यटक निवासापर्यंत १९ किलोमीटर पायी. मतदानाच्या आधी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात जाऊन या, बर्चची झाडं पिवळी होतात तेव्हा.

---

मृणाल_किरुना

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन संध्याकाळी बसून वाचलं, काही भाग नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवला. सोप्पेरोची सून, तुमचं उत्तर वाचल्यावर नकाशा पुन्हा काढला आणि पेन्सिलनं नद्या गिरवल्या. खरंच, सगळ्या तिरक्या एकाच दिशेला जातात. आणि रस्ते त्यांना कापतात. गाब्नाची वाट कुठून जाते ते अजून मला नीट सापडलेलं नाही. ते तुम्ही मला निरोप पाठवून सांगाल का? पांढऱ्या चिठ्ठीआधी मला ते समजून घ्यायचं आहे.

बालवाडीतलं एक सांगायचं राहिलं. आमची मुलं घर काढतात ना, त्याला चाकं काढतात. ऑगस्टपासून सुरू झालं ते अजून थांबलेलं नाही. एका ४ वर्षांच्या मुलीनं झाडालाही चाकं काढली.

आणि आजोबा. काल त्यांच्या दारातला बर्फ नवऱ्यानं काढून दिला, मग कॉफीला बोलावलं त्यांनी. मी ध्रुवतारांचा अंदाज सांगितला, १९७०. मान हलवली. म्हणाले, "तेव्हा मी ५७ दिवस बसलो होतो. आणि सप्टेंबरात त्यांनाच मत दिलं. भांडण घरातलं होतं." मग मी किरुनापार्तिएतचं नाव घेतलं. त्यालाही नाही.

मग स्वतःच म्हणाले, "२०१८. फक्त निळी." नातीच्या जन्माची रात्र होती ती, त्याच्या आदल्या हिवाळ्यातली. गाडी मुलगा चालवत होता, हे मागे सुनेजवळ. स्वाप्पावाराच्या पुढं रस्ता दिसेना, कडेच्या लाल काठ्या मोजत गेले. नात येलिवारेला पोचल्यावर वीस मिनिटांत झाली, सुखरूप. कुणाची चूक नव्हती, असं दोनदा म्हणाले. दवाखान्यातली माणसं फार चांगली होती. "पण मी काठ्या मोजत होतो तेव्हाच ठरवलं होतं."

पांढरी आणि पिवळी त्यांनी नेहमीसारखीच टाकली. बायकोला हे सांगितलेलं नाही अजून, म्हणून मीही कुणाला सांगू नये म्हणाले. इथं मराठीत लिहिलं तर चालेल का, असं विचारलं, तर चालेल म्हणाले.

लुलेओकर, निळ्या चिठ्ठीबद्दल अजून लिहा. २०२२ नंतर रेजिओनमध्ये काय काय झालं ते मला पहिल्यापासून हवं आहे.